साहित्यप्रमुख

“कोण घेतं हिला?” बाईंनी वर्गाला विचारलं.

मी चौथीत होते. वर्गाच्या मधोमध उभी. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात गुंडाळलेलं बसकर. जमिनीवर चार-चार मुलांचे गट गोल करून बसले होते. मोगरा, जाई, जास्वंद, अशी फुलांची नावं. मोगरा गटाने मला नुकतंच बाहेर काढलं होतं.

कोणी घेतलं नाही.

जाई गटातली एक मुलगी जागेवरून सरकली. मला वाटलं, जागा देतेय. ती मोकळी जागा भरून काढत होती. जास्वंदमधला एक पोरगा म्हणाला, “बाई, आमच्यात आधीच एक आहे.” एक, म्हणजे माझ्यासारखा एक. वर्ग हसला. बाईंनी ओठ दाबले, पण हसल्या त्याही.

मी लिलाव पाहिलेला होता. आईबरोबर उरणच्या धक्क्यावर जायची मी. होडीतून माल उतरला की वाटे लागतात, बोली सुरू होते. चेचलेला, फुटलेला वाटासुद्धा शेवटी कोणीतरी उचलतं. सुकवायला नेतं, खताला नेतं. पडून काही राहत नाही. मी पडून राहिले.

“जा मग, दाराशी बस,” बाई म्हणाल्या. “चपलांजवळ.”

मी चपलांजवळ बसले.

हे कसं झालं ते सांगते. आमचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आई पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. मला घरी बघणारं कोणी नव्हतं, म्हणून तिने मला बाजाराजवळच्याच शाळेत घातलं. शाळेत वकिलांची, डॉक्टरांची, दुकानदारांची मुलं. तिसरीपर्यंत आम्ही रांगेत बसायचो. मी शेवटच्या रांगेत. मला वाचता येत नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही येऊ दिलं नाही.

चौथीत बाई कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि रांगा मोडल्या. चौघांनी मिळून वाचायचं, चौघांनी मिळून लिहायचं. चौघांत पुस्तक एकच. एक वाचणार, एक प्रश्न विचारणार, एक उत्तर लिहिणार. चौथा साहित्यप्रमुख. त्याने कपाटातून पुस्तक आणायचं, पेन्सिलींना टोक करायचं, तक्ता धरायचा, फळा पुसायचा. दर आठवड्याला कामं बदलायची. आणि मुख्य नियम असा, की गटातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला जेवढं वाचता येईल तेवढेच गुण गटाला. म्हणजे पक्क्यांनी कच्च्याला शिकवलंच पाहिजे. नाही तर सगळेच बुडणार.

आज ही पद्धत मी आतून-बाहेरून ओळखते. चांगली आहे. तेव्हाही चांगली होती.

आमच्या गटाची प्रमुख एका वकिलाची मुलगी. तिचं नाव लिहीत नाही. तिला कळेल. तिने पहिले दोन दिवस मला शिकवलं. ‘घ’ आणि ‘ध’ मला वेगळे दिसेनात. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तक मिटलं. “वेळ जातो,” म्हणाली. त्या दिवसापासून मी कायमची साहित्यप्रमुख झाले. पुठ्ठ्याचा एक बिल्ला होता, सेफ्टी पिनने फ्रॉकला लावायचा. बाकी तिघांची कामं दर सोमवारी बदलायची. माझा बिल्ला बदलला नाही. नाव प्रमुखाचं, काम हमालाचं. बाईंना दिसत होतं. गट शांत बसतोय एवढं त्यांना पुरे होतं.

मग तपासणीचे साहेब येणार असं कळलं. वकिलाची मुलगी मला नळापाशी घेऊन गेली. म्हणाली, “तू वाचू नकोस. पाठ कर. मी सांगते, तू म्हण. साहेब आले की ओळीखालून बोट फिरवायचं आणि म्हणत जायचं.” बदल्यात तिचा वर्ग झाडायचा वार मी घ्यायचा. मी हो म्हटलं. पुढे मी हजारो सौदे केले, मोठमोठ्या व्यापाऱ्यांना घाम फोडला. पण आयुष्यातला पहिला सौदा हा केला, आणि त्यात मी फसले.

धडा विहिरीवरचा होता. मी आठ दिवसांत पुरा धडा पाठ केला. बोट फिरवायचीही सवय केली. शब्द संपला की बोट पुढे. मला वाटायला लागलं, की हेच वाचन. सगळे हेच करत असतील.

साहेब आले. आमच्या गटाजवळ उकिडवे बसले. पुस्तक उघडलं आणि पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं.

“हे काय आहे, बाळ?”

मी सुरू केलं, “आमच्या गावाबाहेर एक जुनी विहीर आहे.”

“तसं नाही. एवढंच. हा शब्द.”

“आमच्या गावाबाहेर एक जुनी विहीर आहे. तिला बारमाही पाणी असते.”

मी थांबलेच नाही. थांबले तर पुढचं विसरेन अशी भीती होती. वर्ग हसायला लागला तरी मी म्हणत होते. साहेबांनी पुस्तक मिटलं. तो शब्द ‘पोहरा’ होता. हे मला दहा वर्षांनी कळलं.

बाई साहेबांना म्हणाल्या, “बाजारातली मुलगी आहे, साहेब. वास घेऊन येतात, अक्षर कुठून आणणार?”

आणि साहेब वर्गाबाहेर पडले न पडले तोच वकिलाची मुलगी उभी राहिली. “बाई, हिला दुसऱ्या गटात द्या ना. आमचे गुण हिच्यामुळे जातात.” पाठ करून घेणारी तीच. पण ते तिने सांगितलं नाही. मीही नाही. माझा बिल्ला तिने स्वतःच्या हाताने काढून घेतला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिचे हात कोलंबी सोलत होते, ते थांबले नाहीत. “उलटं बोलू नको. जिथं बसवतील तिथं बस. नाय तर काडून टाकतील.” मला तेव्हा बाईंपेक्षा आईचा राग जास्त आला. आईवरचा राग पुढे निवळला. बाकीच्यांवरचा राहिला.

सातवीपर्यंत मला पुढच्या वर्गात ढकलत नेलं. आठवीत मीच गेले नाही. आईशेजारी बाजारात बसले.

बाजाराने माझं तोंड उघडलं. भाव पाडायला आलेल्या बाईच्या पिशवीवरून, चपलेवरून ती कितीपर्यंत येईल हे मी ओळखायची. न्हावा शेव्याच्या कंपन्यांच्या कॅन्टीनला माल द्यायला लागले. कंत्राटदार कागद पुढे करायचा, मी म्हणायची, “तुम्हीच वाचून दाखवा, चष्मा राहिला घरी.” वय वर्षं एकोणीस. चष्मा कुठला?

एक दिवस नगरपालिकेचा माणूस आला आणि आमच्या ओट्यांमागच्या भिंतीला कागद चिकटवून निघाला. मी विचारलं, “काय लिवलंय, दादा?”

“वाचून काय करणार, मावशी? उठायचं तेव्हा उठवू.”

एकोणीस वर्षांच्या पोरीला मावशी. आणि तो हसला. ते हसू मी ओळखलं. चौथीतलंच होतं.

आमच्या ओळीला आम्ही चौघी बसायचो. मी, आई, सुक्या मासळीवाली जुबेदा आपा आणि आमच्याच वाड्यातली सुनंदा. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी कागद भिंतीवरून सोडवला. सही-शिक्का सोडला तर कागदात मजकुराचे चार वेगळे तुकडे होते. आम्हीही चौघी.

मी म्हटलं, “एकेकीनं एकेक तुकडा घ्यायचा. कुठनंबी वाचून आणा. पोराकडनं, मेडिकलवाल्याकडनं, टेम्पोवाल्याकडनं. पण नुसतं ऐकून यायचं नाय. कुठलं अक्षर कुठलं, ते शिकून यायचं. आणि मग बाकीच्या तिघींना शिकवायचं.”

“मला नको गं,” आई म्हणाली. “तुमी तिघी शिका. मी माल बघते.”

मला पुठ्ठ्याचा बिल्ला दिसला. आईच्या लुगड्यावर.

“नाय,” मी म्हटलं. “तू वाचल्याबिगर कुणी उठायचं नाय.”

“ही शाळा काडून बसली बाजारात,” सुनंदा म्हणाली.

आपा हसली. “अरी, मेरा निकाह हुआ तब अंगूठा लगाया. आता मरायच्या टायमाला सही करेन. चल.”

आम्ही शिकलो. बर्फाच्या खोक्यांवर खडूने लिहायचो. पाणी लागलं की पुसायचं, पुन्हा लिहायचो. आपाला आकडे आणि ‘म’ येत होता. सुनंदाला स्वतःचं नाव यायचं, म्हणजे तीन अक्षरं आयती मिळाली. मला शाळेतली अर्धीमुर्धी आठवत होती. जिला जे येतं ते तिने मध्ये टाकायचं. आणि कोणी घडाघडा म्हणायला लागली की मी मधल्याच शब्दावर बोट ठेवायची. “हे काय?” पाठ केलेलं चालणार नाही. पाठ केल्याने काय होतं ते मला ठाऊक होतं.

आई सगळ्यांत मागे राहिली. एक दिवस आपा तिच्यावर चिडली, “इतना बडा पापलेट पैचानती है, छोटा ‘र’ नहीं पैचानती?” आई म्हणाली, “पापलेट हलतंय का? तुमचा ‘र’ मेला कधी वर जातोय, कधी खाली.” आम्ही हसून हसून बेजार झालो. पण आईला ‘र’ आल्याशिवाय उठलो नाही.

बाराव्या दिवशी पुरा कागद कळला. ओटे तोडायची नोटीस होती. तिसऱ्या तुकड्यात लिहिलं होतं, की हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी द्यावी. हेच तो माणूस सांगत नव्हता. आम्ही हरकत लिहिली. चौघींनी, एकेक ओळ. चार हस्ताक्षरं, वाकडीतिकडी. आईच्या ओळीत सहा शब्द होते. कचेरीत पोच घेतली, शिक्का मारून घेतला. ओटे राहिले. अजून आहेत.

हरकत दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातून माझी जुनी शाळा बघून आले. बाहेरूनच. मला आनंद झाला नव्हता. संताप झाला होता. चार अडाणी बायका बारा दिवसांत एकमेकींना वाचायला शिकवू शकतात, तर त्या वर्गाला काय अडचण होती? शिकलेली बाई होती, पुस्तक होतं, फळा होता, वेळ होता. काहीच अडचण नव्हती. त्यांनी मला शिकवलं नाही, कारण मला न शिकवणं त्यांना परवडत होतं.

आता यंदाची गोष्ट. माझे टेम्पो आहेत, कळंबोलीला बर्फाचा डेपो आहे, करंजाड्यात फ्लॅट आहे. मुलगी तनू दुसरीत. एके संध्याकाळी तिचा गणवेश धुवायला घेतला, तर खिशावर बिल्ला. छापील, रंगीत, वर प्लास्टिक. साहित्यप्रमुख.

“हे कधीपासून?”

“शाळा सुरू झाल्यापासून.”

“बाकीच्यांचे बदलतात?”

“हो. माझा नाही बदलत. मी हळू वाचते ना.”

सात वर्षांच्या पोरीने हे असं सांगितलं, जसं कोणी आपल्या गल्लीचं नाव सांगतं.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेत पालकांचा मेळावा होता. बाहेरून तज्ज्ञ मार्गदर्शक येणार होत्या. गटात वाचन-लेखन कसं शिकवतात ते चार मुलांना घेऊन दाखवणार होत्या. मी पुढच्या रांगेत बसले. मार्गदर्शक बाई माइकजवळ आल्या. केस कापलेले, चष्मा, सुती साडी. तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला. वकिलाची मुलगी.

तिने छान सांगितलं. खरंच छान. मग म्हणाली, “मी हे काम का करते? मी स्वतः चौथीत अशा गटात होते. आमच्यात एक मच्छी विकणाऱ्या बाईंची मुलगी होती. तिला अक्षरओळख नव्हती. आम्ही तिला सोडलं नाही. रोज मधल्या सुट्टीत तिच्याकडून वाचून घेतलं. तपासणीला तिने साहेबांसमोर पुरा धडा म्हणून दाखवला. तो क्षण मी विसरू शकत नाही.”

पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले.

“ती मुलगी मी.”

ती क्षणभर गोंधळली. मग हात पसरून पुढे आली. “अगं, तू? बघा, बघा, केवढा योगायोग. आमच्या गटाचं यश समोर उभं आहे.”

पुन्हा टाळ्या. माझ्या नावाने टाळ्या, आणि घेत होती ती.

“टाळ्या थांबवा,” मी म्हटलं. “हिने मला वाचायला शिकवलं नाही. धडा पाठ करून घेतला, बदल्यात तिचा झाडायचा वार मी केला. साहेबांनी मधला शब्द विचारला तर मला आला नाही. त्याच दिवशी हिने मला गटातून काढलं. उरलेलं वर्ष मी चपलांजवळ बसले.”

मुख्याध्यापक उठले. “ताई, हे आपण नंतर बोलू.”

“नंतर माझा माल नासतो, सर. आत्ताच बोलू.”

ती जवळ आली, आवाज बारीक करून म्हणाली, “लहान होतो गं आपण.”

“मी लहान होते. तू गटप्रमुख होतीस.”

मी माइक मागितला नाही, मला माइक लागत नाही. म्हटलं, “प्रात्यक्षिक दाखवणार ना? ही चार मुलं कोणी निवडली?”

“वर्गशिक्षिकेने,” ती म्हणाली. “तयारी झालीय त्यांची.”

“तयारी झालेली नकोत. माझ्या मुलीचा गट घ्या.”

“त्या गटातल्या दोघांना घेऊ. दोन निवडलेले राहू देत.”

“चौघं. आणि पान तुम्ही काढायचं नाही. मागच्या रांगेतल्या कोणीही पालकाने काढायचं.”

“मुलांवर दडपण येईल.”

“दडपण तुमच्यावर येतंय. घाम पुसा आणि सुरू करा.”

भाव तुटला, ती माझ्या बोलीवर आली. हे मला बाजारात कळतं तसं तिथेही कळलं. समोरचं गिऱ्हाईक पाय बदलतं, तेव्हा तुटतो.

तनूचा गट आला. मी तिच्या खिशावरचा बिल्ला काढला आणि वर्गशिक्षिकेच्या हातात दिला. तरुण होती ती, कंत्राटावरची असावी, रडकुंडीला आली. मला तिची दया आली, पण थांबावंसं वाटलं नाही.

मागून एका रिक्षावाल्या बापाने पान काढलं. तनूने वाचायला घेतलं. तीन शब्द बरोबर. चौथ्याला अडली. शेजारचा हुशार पोरगा लगेच शब्द बोलायला गेला, मार्गदर्शक बाईही पुटपुटल्या.

“कोणी शब्द सांगायचा नाही,” मी म्हटलं. “पहिलं अक्षर सांगा. उरलेलं ती जोडेल.”

गटातल्या एका मुलीने पहिलं अक्षर सांगितलं. तनूने जोडलं. चुकलं. पुन्हा जोडलं. सभागृहातली दोनेकशे माणसं बघत होती. चार ओळींचा परिच्छेद. फार वेळ लागला. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी तिच्याकडे न बघता वकिलाच्या मुलीकडे बघत राहिले. तिला मान वळवू दिली नाही. शेवटचा शब्द तनूने एकटीने वाचला.

स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, “आई, तू ओरडलीस. मला भीती वाटली.”

“वाटू दे,” मी म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर विचारलं, “उद्या गटात काय काम आहे?”

“वाचायचं. बाईंनी सांगितलंय.”

मी मुलीला घाबरवलं, हे मला कळतं. सौद्यात काहीतरी सोडावं लागतं. ते मी सोडलं.

तीन दिवसांनी वकिलाच्या मुलीचा फोन आला. माफी मागायला केलाय म्हणाली. मी ऐकून घेतलं. मग मुद्द्यावर आली. पुढचं प्रशिक्षण मोठं आहे, शे-दीडशे शिक्षक येणार. मी तिच्याबरोबर मंचावर बसावं. “दोघी मिळून आपली गोष्ट सांगू. खूप प्रभावी उदाहरण होईल.”

“आपली गोष्ट नाही,” मी म्हटलं. “माझी आहे. आणि उदाहरण म्हणून मी येणार नाही.”

“मग कशी येशील?”

“तपासायला.”

तिने फोन ठेवला. पण मी बोलले ते धरून आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या निवडणुकीला मी उभी राहिले आणि निवडून आले. दर सोमवारी कामं बदलली का, हे मी वर्गात जाऊन बघते. जी मुलं सगळ्यांत हळू वाचतात, त्यांची नावं माझ्याकडे लिहिलेली आहेत, माझ्या अक्षरात. त्यातलं एकही पोर नुसतं तक्ता धरून उभं राहिलेलं मला खपत नाही. मुख्याध्यापक मला पाहिलं की खुर्चीतून उठतात. आदराने नाही उठत. उठू देत.

आणि तिच्या प्रशिक्षणांचं वर्षाचं वेळापत्रक मी मागवून घेतलं आहे. पनवेलला असो, कळंबोलीला असो, उरणला असो, मी पुढच्या रांगेत बसणार. ती मच्छीवालीच्या मुलीची गोष्ट तिने सांगितली, तर मी उभी राहून खरी सांगणार. तिने सांगितली नाही, तरी सांगणार. ती म्हणते, मी सूड घेतेय. बरोबर म्हणते. माफी मी दिलेली नाही, आणि देणारही नाही. तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या एकेका शिक्षकाच्या वर्गात जाऊन मी विचारणार आहे, सगळ्यांत मागे कोण आहे, आणि त्याने आज वाचलं का.